सत्तर लाख पत्त्यांची मेजर

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी युरोपातल्या अमेरिकी फौजेत रॉबर्ट स्मिथ या एकाच नावाची साडेसात हजार माणसं होती. त्यांतल्या एखाद्याच्या आईने पाकिटावर 'रॉबर्ट स्मिथ, अमेरिकी सैन्य' एवढंच लिहिलेलं असे आणि पत्र आपल्याच रॉबर्टच्या हाती पडेल याची तिला खात्री असे. काही पाकिटांवर तर नावही नसे. 'ज्युनिअर' किंवा 'बस्टर' अशी घरातली लाडकी हाक तेवढी लिहिलेली असे. पत्र निघेपर्यंत तो ज्युनिअर फ्रान्समधून बेल्जियमला गेलेला असे, जखमी होऊन इंग्लंडच्या इस्पितळात पडलेला असे किंवा जगातच नसे.

अशी न पोचलेली पत्रं आणि पार्सलं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात थप्प्या लावून ठेवलेली होती. १९४४ च्या डिसेंबरात जर्मनांनी आर्देनच्या जंगलात अखेरची मोठी चढाई केली, तेव्हापासून तर टपालाकडे पाहायला कुणाला सवडच उरली नव्हती. नाताळसाठी घरून आलेले केक उंदरांनी फस्त केले होते. हा ढिगारा उपसण्यासाठी १९४५ च्या फेब्रुवारीपासून तिथे ८५५ बायकांची एक पलटण दाखल होऊ लागली. ३१ अधिकारी, बाकीच्या शिपाई आणि जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय. पलटणीचं कागदोपत्री नाव ६८८८वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन. बोलण्यात 'सिक्स ट्रिपल एट'. तिची प्रमुख होती २६ वर्षांची मेजर चॅरिटी ॲडम्स.

अलीकडे या पलटणीवर चित्रपट निघाला, पदकं मिळाली, आणि चॅरिटी एका सडेतोड उत्तरासाठी प्रसिद्ध झाली. तो प्रसंग पुढे येईलच. पण एका वाक्यापुरती उरावी एवढी ती लहान बाई नव्हती, आणि ते वाक्य तिच्या तोंडून का निघालं हे तिचं घर पाहिल्याशिवाय कळत नाही.

चॅरिटीचा जन्म ५ डिसेंबर १९१८ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल गावचा. ती वाढली मात्र साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया इथे. वडील रेव्हरंड युजीन ॲडम्स हे आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चचे पाद्री. आई शिक्षिका, तिचंही नाव चॅरिटीच. चार भावंडांत ही थोरली. पाद्र्याच्या घरातलं मूल कसं वाढतं, हे आपल्याकडच्या कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्यांना समजावून सांगावं लागणार नाही. दारात कायम माणसं, घरात पुस्तकं, आणि आपण कसे वागतो-बोलतो यावर गावाची अष्टौप्रहर नजर. तिथे चुकलं तर आपल्याबरोबर बापाच्या धर्माचीही अब्रू जाते, हे मुलांना न सांगता कळतं.

हे चर्चही साधंसुधं नव्हतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या भाविकांना तिथल्या व्यवस्थापकांनी मध्येच ओढून उठवलं, कारण ते त्यांच्यासाठी नेमलेल्या जागेवर बसले नव्हते. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती उठले, बाहेर पडले आणि परत गेले नाहीत. ॲलन स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. स्वतःच्या कमाईतून त्यांनी आपलं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. १८१६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने या स्वतंत्र पंथाची रीतसर स्थापना झाली. म्हणजे या पंथाची सुरुवातच एका नकारातून झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तेव्हा या पंथाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटलेला होता. देवापुढे बसायच्या जागेवरून माणसांत फूट पडते, हे पुण्यातल्या माणसाला चटकन कळावं यात नवल नाही.

तर चॅरिटीला श्रद्धा मिळाली ती या घराण्याची. सोसत राहा, वर गेल्यावर न्याय होईल, असं सांगणारी ती श्रद्धा नव्हती. रेव्हरंड ॲडम्स कोलंबियातल्या एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष होते. युद्धाच्या काळात चॅरिटी रजेवर घरी आलेली असताना एका रात्री कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या मोटारी त्यांच्या घरासमोर येऊन उभ्या राहिल्या. घर रात्रभर जागं राहिलं. बाहेरच्यांनी काही केलं नाही, नुसते बसून राहिले आणि पहाटे निघून गेले. रविवारी बायबलमधून शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगणाऱ्या पाद्र्याच्या घरात बंदूकही होती. यात मला तरी विसंगती दिसत नाही. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या कुटुंबाला देवावर विसंबायचं होतंच. पण दाराला कडीही लावायची होती.

शाळेत ती पहिली आली. पुढचं शिक्षण ओहायोतल्या विल्बरफोर्स विद्यापीठात झालं, तेही याच चर्चने चालवलेलं. गणित, लॅटिन आणि पदार्थविज्ञान असे तिचे विषय. १९३८ मध्ये पदवी घेऊन ती कोलंबियात परतली आणि शाळेत गणित नि विज्ञान शिकवू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओहायो स्टेट विद्यापीठात पुढचा अभ्यास चालू असे. काळ्या मध्यमवर्गातल्या हुशार मुलीसाठी त्या वेळी एवढाच रस्ता होता: शिक्षिका व्हायचं, पाद्र्याशी किंवा डॉक्टरशी लग्न करायचं, चर्चची कामं करायची.

मे १९४२ मध्ये अमेरिकेने बायकांसाठी लष्कराला जोडून एक साहाय्यक दल काढलं. वर्षभराने ते लष्कराचाच भाग झालं आणि 'वॅक' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. लोकसंख्येच्या प्रमाणात काळ्या बायकांना त्यात दहा टक्के जागा ठेवल्या होत्या. पहिल्या तुकडीतल्या ४४० अधिकारी-उमेदवारांपैकी ४० जागा त्यांच्या, प्रत्यक्षात आल्या ३९. चॅरिटी त्यांतली एक. जुलैमध्ये आगगाडीने आयोवा राज्यातल्या फोर्ट डे मॉइनला जाताना गोऱ्या-काळ्या मुली एकत्र होत्या, गप्पा मारत, एकत्र जेवत गेल्या. छावणीत पाऊल टाकताच एका अधिकाऱ्याने काळ्या मुलींना एका बाजूला व्हायला सांगितलं आणि मग गोऱ्या मुलींची नावं एकेक करून पुकारली. काळ्या मुलींना नावंही नव्हती, नुसती बाजू होती. राहायला वेगळी बरॅक, जेवायला वेगळं टेबल. शिकवणी मात्र एकाच वर्गात.

२९ ऑगस्ट १९४२ ला ती अधिकारी झाली आणि प्रशिक्षक म्हणून तिथेच राहिली. सप्टेंबर १९४३ पर्यंत मेजर. या काळात तिने लष्कराचं शास्त्र बारकाईने शिकून घेतलं: नियम काय आहे, तो कुणी काढला, कुठल्या परिच्छेदात काय लिहिलंय. त्या वेळी काळ्या बाईला रागावून चालणार नव्हतं; नियम पाठ असणं हे तिचं एकमेव शस्त्र होतं. तिच्या अंगावरचा मेजरचा हुद्दा पाहून ही तोतया असावी असा संशय अटलांटाच्या रेल्वे स्थानकावर कुणाला तरी आला आणि दोन लष्करी पोलीस तिला हटकायला आले. तिने त्यांनाच नाव, पलटण आणि वरिष्ठ कोण हे विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना पळता भुई थोडी झाली. मास्तरीणबाईंचा हात लष्करातही सुटला नव्हता.

छावणीत काळ्या बायकांची वेगळी रेजिमेंट काढायची योजना आली. प्रमुखपद आणि बढती दोन्ही चॅरिटीपुढे ठेवली गेली. तिने नाही म्हटलं. वेगळेपणा पक्का करणाऱ्या रचनेची मुकादमी तिला करायची नव्हती. योजना बारगळली. मग पुढे तिने ६८८८ चं प्रमुखपद का घेतलं? तीही वेगळीच पलटण होती ना? हा प्रश्न तिच्या चरित्राला विचारलाच पाहिजे. मला यातला फरक असा दिसतो: पहिल्या वेळी काम तेच राहून नुसती भिंत उभी राहणार होती, दुसऱ्या वेळी भिंत आधीच होती, आणि ती मोठं काम हाती घेतल्याशिवाय हलणार नव्हती. वॅकमधल्या काळ्या बायकांना परदेशी पाठवायला लष्कर तोवर तयार नव्हतं. मेरी मॅक्लिऑड बेथून यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आणि काळ्या वर्तमानपत्रांनी लावून धरलं, अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांचा पाठिंबा मिळाला, तेव्हा कुठे हुकूम निघाला. जी संधी इतक्या जणांनी भांडून मिळवली, तिला तत्त्वासाठी पाठ फिरवणं हा चैनीचा मामला झाला असता.

जानेवारी १९४५ मध्ये ती आणि तिची साहाय्यक कॅप्टन ॲबी कॅम्बेल विमानाने पुढे निघाल्या. हुकूम मोहोरबंद पाकिटात. कुठे चाललोय हे समुद्रावर आल्यावरच कळलं. पॅरिसमध्ये त्यांना लेफ्टनंट जनरल जॉन सी. एच. ली भेटले. सगळ्या रसदीचा कारभार यांच्याकडे. हे गृहस्थ इतके देवभोळे आणि इतके ताठ होते, की त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून सैनिक त्यांना मागून 'साक्षात येशू ख्रिस्त' म्हणत. लीसाहेबांनी चॅरिटीला एकच प्रश्न केला: तुमच्या बायकांना संचलन येतं का? येतं, असं तिने ठणकावून सांगितलं. पहिल्या तुकडीतल्या बायका फेब्रुवारीत 'इल द फ्रान्स' जहाजाने पाणबुड्या चुकवत ग्लासगोला उतरल्या, उतरताना धक्क्याजवळच जर्मन उडता बॉम्ब फुटला. तिथून आगगाडीने बर्मिंगहॅम, आणि समुद्र लागून आजारलेल्या त्या पोरींनी काही दिवसांतच लीसाहेबांपुढे झोकात संचलन केलं. शहरातले लोक बघायला रस्त्यावर आले.

मुक्काम किंग एडवर्ड शाळेच्या जुन्या इमारतीत. कामाची जागा म्हणजे थंडगार गोदामं. विमानांच्या भीतीने खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवलेल्या, दिवे मिणमिणते, शेगडी नाही. बायका आतून लोकरी कपडे, वरून कोट चढवून कामाला बसत. वरिष्ठांनी या कामासाठी सहा महिन्यांची मुदत दिलेली होती.

आता कामाची रीत. युरोपात त्या वेळी अमेरिकेचे सैनिक, रेड क्रॉसची माणसं आणि सरकारी नोकर धरून सुमारे ७० लाख लोक होते. त्या प्रत्येकाचं एक नोंदकार्ड: नाव, सैनिक क्रमांक, पलटण, सध्याचा ठावठिकाणा. माणूस हलला की कार्ड बदलायचं. एकाच नावाचे शेकडो असले की क्रमांकावर निकाल. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या घरोघरी मुलाला पत्र लिहिताना गावाचं नाव न घालता क्रमांक, हुद्दा, पलटण आणि 'द्वारा ५६ एपीओ' लिहायची सवय होती, ती याच कारणाने: फौज हलते, आणि ती कुठे आहे हे पाकिटावरून शत्रूला कळता कामा नये. ती पत्रं लावणारी माणसं कुणाला माहीत नसतात. आपल्या लष्करी टपाल दलाचं केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे, हेही किती जणांना ठाऊक असतं?

चॅरिटीने आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या, आठवड्याचे सातही दिवस. एका पाळीत साधारण ६५,००० टपालवस्तू हातावेगळ्या होऊ लागल्या. फाटलेल्या पार्सलांमधून सांडलेल्या वस्तू कुणाच्या ते शोधून पुन्हा बांधायच्या. नुसतं 'ज्युनिअर' लिहिलेलं पाकीट असेल तर शिक्का कुठल्या गावचा, पाठवणाऱ्याचं आडनाव काय, यावरून माग काढायचा. आणि कार्ड काढल्यावर माणूस मयत निघाला तर तसा शेरा मारून पत्र परत पाठवायचं. घरी लष्कराची तार आधीच गेलेली असे. काही महिन्यांनी आपलंच न फोडलेलं पत्र आईच्या हाती परत येई. हे काम करणाऱ्या पोरींपैकी बऱ्याच जणींचे भाऊ, नवरे स्वतः आघाडीवर होते. टपाल अडलं की फौजेचा धीर सुटतो, हे त्यांचं घोषवाक्य होतं. पण या कामाला 'मनोधैर्य' हा लष्करी शब्द अपुरा पडतो. फुटलेली घरं कागदाच्या धाग्याने सांधायचं ते काम होतं, आणि ते अशा बायकांनी केलं, ज्यांची पणजी-खापरपणजी बाजारात विकली गेली तेव्हा तिच्या मुलांचा पत्ता कुणी नोंदून ठेवला नव्हता.

सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत संपलं. सुमारे एक कोटी ७० लाख पत्रं-पार्सलं मार्गी लागली, असा अंदाज दिला जातो.

याच दिवसांत एक जनरल तपासणीला आले. सगळ्या बायका रांगेत दिसत नाहीत म्हणून ते चिडले. मेजरने सांगितलं, पाळ्या आहेत. एक तृतीयांश कामावर आहेत, एक तृतीयांश झोपल्या आहेत. साहेबांना ते पटेना. तुम्हाला पलटण कशी चालवतात हे दाखवायला मी एक गोरा लेफ्टनंट पाठवतो, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. गोरा, आणि तोही दोन पायऱ्या खालचा. चॅरिटीने जागच्या जागी उत्तर दिलं, की तिच्या जिवात जीव आहे तोवर ते होणार नाही. शेवटी 'सर' म्हणायला ती विसरली नाही. जनरलनी लष्करी न्यायालयाची धमकी दिली.

लोक गोष्ट इथे संपवतात आणि टाळ्या वाजवतात. मला त्यानंतरची रात्र जास्त महत्त्वाची वाटते. चॅरिटी आणि तिच्या अधिकारी बसून नियमांची पुस्तकं उलगडू लागल्या. मित्रराष्ट्रांच्या सर्वोच्च मुख्यालयाचा हुकूम होता, की वंशभेदावर बोट ठेवणारी भाषा कुणी वापरू नये. त्याच्या आधारे त्यांनी जनरलविरुद्धच उलट आरोपपत्राची तयारी केली. बातमी पोचायची तिथे पोचली आणि जनरलनी आपला आरोप मागे घेतला. पुढे त्यांनीच तिच्याजवळ तिच्याबद्दल आदर व्यक्त केला, असं तिने लिहून ठेवलंय. टाळीचं वाक्य क्षणात सुचतं. ते निभावून न्यायला परिच्छेद क्रमांक माहीत असावा लागतो.

रेड क्रॉसची कथाही याच जातीची. लंडनला सुट्टीवर जाणाऱ्या वॅक बायका एकाच हॉटेलात उतरत, गोऱ्या-काळ्या एकत्र. रेड क्रॉसने काळ्या बायकांसाठी मुद्दाम एक छानसं वेगळं हॉटेल सजवलं. चॅरिटीने त्यांना कळवलं, की माझी एकही मुलगी इथे रात्र काढणार नाही. खरोखरच एकही गेली नाही. इथे कुणी हुकूम सोडला नव्हता; बायकांनी ऐकलं आणि पाळलं. सेंट जॉर्ज चर्चमधून बाहेर पडलेल्या माणसांचाच हा वारसा. बसायला मऊ जागा मिळते आहे म्हणून वेगळी जागा घ्यायची नाही.

पलटण आतून कशी चालत होती हेही पाहिलं पाहिजे. त्यांचा स्वयंपाक, वाहनदुरुस्ती, पहारा सगळं त्यांचंच. केशभूषेचं स्वतंत्र दालनही चॅरिटीने उभं केलं. काळ्या बायकांच्या केसांची निगा राखणारं दुकान इंग्लंडमध्ये कुठलं मिळणार? कुणाला हे क्षुल्लक वाटेल. आठ तास थंडीत उंदरांच्या लेंड्या झाडून पत्रं लावणाऱ्या बाईला आरशात स्वतःची ओळख पटणं क्षुल्लक नसतं.

युरोपातलं युद्ध मेमध्ये संपलं. पलटण फ्रान्समध्ये रुआँला गेली. जोन ऑफ आर्कला जिथे जाळलं त्या बाजारचौकात तिच्या स्मरणार्थ या बायकांनी संचलन केलं. बापाच्या चर्चमध्ये वाढलेल्या मेजरला त्या जागेचं काय वाटलं असेल, यावर कादंबरीकाराने पान भरावं. मी पुढे जातो. इथेही दोन-तीन वर्षं तुंबलेलं टपाल होतं, तेही उपसलं गेलं. या बायकांना भेटायला फाटकाशी काळ्या सैनिकांची झुंबड उडे. पहाऱ्यावरच्या बायकांना बंदूक बाळगायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांना जुजुत्सूचे डाव शिकवण्यात आले.

जुलैमध्ये जीपच्या अपघातात पलटणीतल्या तिघी गेल्या: मेरी बँकस्टन, मेरी बार्लो आणि डोलोरेस ब्राउन. अंत्यविधीसाठी युद्धखात्याकडून पैसे आले नाहीत. बायकांनी वर्गणी काढली. अंत्यविधीच्या कामाचा अनुभव असलेल्या पलटणीतल्याच काही जणींनी देह तयार केले, प्रार्थना झाली. नॉर्मंडीत कोलव्हिल-सूर-मेर इथे समुद्रकाठच्या अमेरिकी दफनभूमीत नऊ हजारांहून अधिक कबरी आहेत. त्यांत बायकांच्या चार. त्या चारपैकी तीन या पलटणीच्या. ज्या लष्कराने जिवंतपणी जेवणाचं टेबल वेगळं ठेवलं, त्याच लष्कराच्या त्या रांगेत सगळे क्रूस सारख्याच उंचीचे आहेत.

डिसेंबर १९४५ मध्ये चॅरिटी मायदेशी परतली आणि लेफ्टनंट कर्नल झाली. वॅकमध्ये काळ्या बाईला त्याहून वरचा हुद्दा कुणाला मिळाला नव्हता. मार्च १९४६ मध्ये तिने लष्कर सोडलं. पलटण त्याच सुमारास फोर्ट डिक्सच्या छावणीत मोडली. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. अध्यक्ष ट्रूमन यांचा सैन्यातला वंशभेद मोडणारा हुकूम निघाला २६ जुलै १९४८ रोजी, म्हणजे या सगळ्या घरी गेल्यानंतर.

तिचं पुढचं आयुष्य ५६ वर्षांचं, लष्करातलं चार वर्षांचंही नाही. चरित्रकार मात्र त्या ५६ वर्षांना दोन परिच्छेद देतात. तिने ओहायो स्टेटची पदव्युत्तर पदवी पुरी केली, माजी सैनिकांच्या खात्यात काम केलं, टेनेसी आणि जॉर्जियातल्या काळ्यांच्या महाविद्यालयांत अधिष्ठाता झाली. १९४९ मध्ये स्टॅन्ली अर्ली यांच्याशी लग्न केलं. ते झुरिकला वैद्यकाचं शिकत होते. ८५५ जणींना हुकूम सोडणारी ही बाई नवऱ्यासाठी स्वित्झर्लंडला गेली, जर्मन शिकली, तिथल्या विद्यापीठात आणि युंग यांच्या संस्थेत मानसशास्त्राचे वर्ग केले. १९५२ मध्ये जोडपं परतलं आणि ओहायोच्या डेटन शहरात स्थिरावलं. एक मुलगा, एक मुलगी. मुलाचं नाव स्टॅन्ली, मुलीचं ज्युडिथ.

लष्करी कर्तबगारीनंतर घरात 'अडकली' असं कुणी म्हणेल. तिच्या नोंदी तसं सांगत नाहीत. डेटनमध्ये रेड क्रॉसच्या (हो, त्याच रेड क्रॉसच्या) कामात ती होती. युनायटेड वे, वायडब्ल्यूसीए या सेवाभावी संस्था, सामुदायिक महाविद्यालयाचं विश्वस्त मंडळ, वीज कंपनीचं संचालक मंडळ अशी यादी लांबते. १९८२ मध्ये तिने काळ्या तरुणांना सार्वजनिक कामाचं शिक्षण देणारा एक उपक्रम सुरू केला: सभा कशी चालवायची, अंदाजपत्रक कसं वाचायचं, मंडळावर बसल्यावर प्रश्न कसा विचारायचा. पाद्र्याच्या मुलीने पाद्र्याचंच काम व्यासपीठाविना केलं. घर, चर्च आणि लष्कर हे तिच्या आयुष्याचे तीन कप्पे नव्हतेच. तिन्ही ठिकाणी ती माणसं ओळीत लावायची, नावानिशी ओळखायची आणि कुणी हलकं लेखलं तर आडवी यायची.

१९८९ मध्ये, सत्तरीत, तिने आपल्या वॅकमधल्या दिवसांचं पुस्तक लिहिलं. वर सांगितलेले बरेच प्रसंग आपल्याला माहीत आहेत ते त्यामुळे. पुस्तक आलं नसतं तर जनरलचं बोलणं, लंडनचं हॉटेल, फोर्ट डे मॉइनची बाजूला केलेली रांग सगळं त्या बायकांबरोबर गेलं असतं. सरकारी कागदांत टपालाचे आकडे तेवढे उरले असते. १३ जानेवारी २००२ ला डेटनमध्ये तिचं निधन झालं, ८३ व्या वर्षी. शहराने मुलींच्या एका सरकारी शाळेला तिचं नाव दिलं.

त्यानंतर सन्मानांची रीघ लागली. २०१८ मध्ये कॅन्ससच्या फोर्ट लेव्हनवर्थला पलटणीचं स्मारक झालं. पलटणीला अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे संसदेचं, सुवर्णपदक देणारा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला आणि २९ एप्रिल २०२५ ला ते वॉशिंग्टनमध्ये प्रत्यक्ष देण्यात आलं, तेव्हा पलटणीतल्या अगदी मोजक्याच जणी हयात होत्या. व्हर्जिनियातली फोर्ट ली ही छावणी गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सेनापतीच्या, रॉबर्ट ली यांच्या नावाने होती. एप्रिल २०२३ मध्ये तिचं नाव बदलून कृष्णवर्णीय लेफ्टनंट जनरल आर्थर ग्रेग आणि चॅरिटी ॲडम्स यांच्या नावांवरून फोर्ट ग्रेग-ॲडम्स केलं गेलं. सव्वादोन वर्षांत, २०२५ च्या उन्हाळ्यात, ते काढून पुन्हा फोर्ट ली केलं. फक्त कागदावर हा ली दुसरा, फिट्झ ली नावाचा एक काळा शिपाई. पदकाचा समारंभ होऊन तीन महिनेही झाले नव्हते.

पाट्या अशा बदलत राहणार. लिहून ठेवलेलं पुस्तक बदलायचा अधिकार मात्र कुणाला नाही. आपल्याकडेही अशा लिहून ठेवायला हव्यात अशा आठवणी आहेत. लष्करी परिचारिकांची आपली परंपरा १८८८ मध्ये मुंबईत उतरलेल्या पहिल्या तुकडीपासूनची आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे. तिथल्या पहिल्या तुकड्यांतल्या, १९७१ चं युद्ध इस्पितळांतून पाहिलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नातवंडं, देवपूजा, मंडळाचं काम यांत रमलेल्या. तुमच्या घरात, नात्यात किंवा सोसायटीत अशी कुणी मावशी, आत्या असेल तर तिला हातात वही द्या, आणि तिला लिहिणं जमत नसेल तर समोर बसून तुम्ही लिहून घ्या.